नाताळची चांदणी, सासूबाईंची शेगडी आणि वीतभर उघडी खिडकी

प्रश्न : काकू, नमस्कार. आम्ही मंगळवार पेठेत राहतो. घर जुनं आहे, सोपा, माजघर, मागं परसू असं. मुलगा, सून आणि अडीच वर्षांची नात २२ डिसेंबरला बंगळुरूहून येणार आहेत, ते संक्रांत करूनच जातील. सून मिरजेची, ख्रिस्ती घरातली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिचा नाताळ आमच्याकडे होतोय, म्हणून घर छान सजवावं असं मनात आहे. पण आमचे हे म्हणतात, वायरिंग जुनं आहे, माळाबिळा लावायच्या नाहीत. सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत. त्यांना थंडी सोसत नाही, रात्री खोलीत शेगडी लागते, आणि नातीलाही तिथंच शेक देऊ म्हणतात. बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे, पाहुणे आले की तो सकाळभर चालू असतो. सजावटही व्हावी आणि कुणाला काही होऊही नये, असं जमेल का? रोज यावरून घरात वाद चाललाय.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, जमेल की. न जमायला काय झालं? पण तुमच्या घरी वाद चाललाय माळांवरून, आणि पत्र वाचताना माझा जीव अडकला तो शेगडीत आणि गीझरमध्ये. त्यांचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय. मी मात्र सुरुवात तिथूनच करणार. माळा, चांदणी, येशूजन्माच्या देखाव्याची गव्हाणी सगळं सांगते, पण नंतर.

आपल्या कोल्हापूरची थंडी तशी सोसण्यासारखी. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास येतो, एखाद्या आठवड्यात त्याखाली. एवढ्या गारठ्यानं धडधाकट माणसाला काही होत नाही. होतं ते आपण दारं-खिडक्या गच्च लावून आत कोळसा नाहीतर गॅस पेटवतो म्हणून. जळायला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, म्हणून गळती नाकाला कळते. याची तशी काही वर्दी येत नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला २०० पटींहून जास्त घट्ट धरून बसतं, त्यामुळं श्वास चालू असतो आणि शरीराला प्राणवायू मात्र मिळत नाही. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, अंगातलं बळ गेल्यासारखं वाटतं. माणूस म्हणतो पित्त झालं, जरा पडतो. तो पडणंच जिवावर बेततं.

शेगडीबाबत एक समज आपल्याकडं पक्का बसलाय. धूर निघतोय तोवर ती बाहेर ठेवायची, निखारे लालबुंद झाले, धूर थांबला, की आत आणायची. धूर थांबला म्हणजे वायू थांबला असं नाही. उलट धूर नसतो म्हणून कुणाला शंका येत नाही, आणि शेगडी रात्रभर पलंगाशेजारी राहते. तेव्हा सासूबाईंच्या खोलीत झोपताना शेगडी नको म्हणजे नको. यात मी तुम्हाला मधला रस्ता सुचवणार नाही. नातीला त्या खोलीत शेक देणं तर अजिबातच नको. ओवा-वावडिंगाची धुरी, निखाऱ्यांचा शेक ही बाळंतिणीच्या खोलीतली जुनी रीत आहे, पण लहान लेकराच्या फुफ्फुसांना धूर सोसत नाही, मग तो ओव्याचा असो की उदाचा.

आता हे ८३ वर्षांच्या बाईला सांगायचं कसं? "डॉक्टर नको म्हणालेत" एवढं सांगून शेगडी काढून घेतलीत, तर त्या दोन दिवस बोलायच्या नाहीत आणि तिसऱ्या रात्री शेगडी परत खोलीत येईल. शेगडी काढू नका, तिची जागा बदला. संध्याकाळी साडेसहा-सातला ती परसात पेटवा, शेजारी त्यांची खुर्ची मांडा, अंगावर घोंगडं द्या, आणि निखाऱ्यात रताळी भाजायचं काम त्यांच्याकडं सोपवा. सगळं घर तिथं गोळा होईल. शेजारी पाण्याची बादली भरलेली असू द्या, नातीला कुणीतरी मांडीवर घेऊन बसा, आणि उठताना निखाऱ्यांवर पाणी ओता. नायलॉनची साडी आणि लोंबता पदर घेऊन शेगडीशी बसायचं नाही, हे सासूबाईंना सांगायला लागणार नाही, पण बंगळुरूच्या मंडळींना सांगा. तसलं कापड वितळून कातडीला चिकटतं.

रात्रीसाठी दोन वाकळी, कानटोपी, लोकरीचे मोजे, आणि पायाशी रबरी पिशवी. पिशवीत उकळतं पाणी भरू नका. चांगलं गरम पुरे. वर टॉवेल गुंडाळा. मधुमेह असेल आणि पावलं बधिर होत असतील, तर पिशवीनं अंथरूण गरम करून घ्या आणि त्या झोपल्या की काढून टाका, कारण पाय भाजलेला त्यांना कळायचा नाही. खोलीची एक खिडकी वीतभर उघडी ठेवा. वारा अंगावर येत असेल तर पलंग सरकवा, खिडकी लावू नका.

आता गीझर. महाराष्ट्रात दर हिवाळ्यात गॅस गीझरमुळं बाथरूममध्ये बेशुद्ध पडलेल्या माणसांच्या बातम्या येतात, तुम्हीही वाचल्या असतील. तिथं होतं ते हेच. लहानशी बाथरूम, वर गीझरची ज्योत, आणि गार वारा येतो म्हणून लावलेली खिडकी. पाहुण्यांच्या घरात आणखी एक गोष्ट होते, तिच्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. एकामागून एक सहा अंघोळी. पहिल्या माणसाला काही होत नाही, कारण हवा ताजी असते. चौथ्या-पाचव्या माणसाच्या वाट्याला साठलेली हवा येते. आणि शेवटची अंघोळ बहुतेक घरच्या बाईची, म्हणजे तुमचीच असणार.

गीझर बाथरूमबाहेर काढून घ्या. बाहेर उघड्या बोळात किंवा परसाच्या भिंतीवर बसवून गरम पाण्याची पाइप भिंतीतून आत घ्यायची, हे एका दिवसाचं काम आहे. २२ तारखेआधी ते करून टाका. सजावटीचे पैसे कमी पडले तरी चालतील. तोवर नियम एकच : दार-खिडकी उघडी असताना बादली भरायची, गीझर बंद करायचा, मग आत जाऊन अंघोळ. आत माणूस असताना गीझर चालू नाही. एक्झॉस्ट फॅन असला तरी खिडकी लावायची नाही. आणि कधी दोघा-तिघांचं डोकं एकदमच दुखायला लागलं, बाहेर आल्यावर बरं वाटलं, तर ते पित्त समजू नका. कुणी आत कोसळलं तर आधी दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

जुन्या घरात तांब्याचा बंब असेलच ना माळ्यावर? तो खाली काढा. चिंचेनं घासून लख्ख करा, परसात उघड्यावर मांडा आणि सुटीभर त्यावर पाणी तापवा. बंगळुरूच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या नातीला बंबाचं पाणी म्हणजे केवढी गंमत. शिवाय दारात तोच निम्मी सजावट करतो. मात्र त्याचं अंग आणि राखेचं तोंड, दोन्ही तापलेलं असतं, तेव्हा भोवती दोन पाट आडवे टाकून लेकराची वाट अडवा. बंबाला धग देताना तो कधीही बंद न्हाणीत न्यायचा नाही, हे ओघानं आलंच.

आता तुमच्या ह्यांच्या वायरिंगकडं येऊ. ते घाबरतात ते बरोबर आहे, फक्त बोट चुकीच्या वस्तूकडं दाखवतात. एलईडीची एक माळ साधारण ५ ते १० वॅट खाते. दहा माळा लावल्या तरी जुन्या शंभराच्या एका बल्बएवढाच भार. याउलट खोली गरम करायचा हीटर किंवा विजेचा गीझर २,००० वॅटचा असतो, म्हणजे जवळपास ९ अँपिअर. घरातला लहान सॉकेट असतो ६ अँपिअरचा. मुलगा येताना प्रेमानं हीटर घेऊन येईल, तो एक्स्टेन्शन बोर्डावर लागेल, त्याच बोर्डावर इस्त्री आणि पाणी तापवायचा रॉड. जुन्या घरात ठिणगी पडते ती इथं. हीटर, गीझर, रॉड यांच्यासाठी १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, थेट भिंतीतला. तो नसेल तर हीटर आणू नको म्हणून आत्ताच कळवा. आपल्या थंडीला त्याची गरजही नाही.

वायरमनला या आठवड्यात बोलवा आणि दोन-तीन गोष्टी समोर उभं राहून बघून घ्या. फ्यूज उडाला की त्यात जाड तार बांधायची आपल्याकडं जुनी खोड आहे. ती बांधली असेल तर तुमच्या घरात फ्यूज आहे असं म्हणताच येत नाही, कारण भार वाढल्यावर तुटायचं त्याचं कामच बंद पडतं. ती तार बदला, जमलं तर एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, बसवा. अर्थिंग तपासून घ्या. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, दुकानात त्याला ईएलसीबीही म्हणतात. वीज कुणाच्या अंगातून जायला लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. लाकडी पट्टीतलं कापडी वेष्टणाचं वायरिंग अजून कुठं शिल्लक असेल, तर तेवढ्या खोलीत सजावटीची वीज नकोच. तिथं सेलवरच्या माळा लावा. एवढं झाल्यावर तुमचे हे माळांना नाही म्हणणार नाहीत. म्हणालेच तर त्यांना वॅटचा हिशेब कागदावर मांडून दाखवा. पुरुषमाणसांना आकडा पटतो.

माळा घेताना भारतीय मानक ब्युरोची (बीआयएस) खूण बघा. स्वस्तातल्या माळांची तार केसासारखी असते, जोड उघडे असतात, आणि त्यांतून थेट २३० व्होल्ट वाहतात. तसल्या माळा घेऊच नका. नातीचा हात पोचेल तिथपर्यंत ॲडॉप्टरवर चालणाऱ्या कमी व्होल्टच्या माळा, थेट पिनेच्या माळा फक्त वर, तुळईच्या उंचीला. बाहेर लावायच्या असतील तर डब्यावर आयपी ४४ किंवा आयपी ६५ लिहिलेलं हवं, म्हणजे पाण्याच्या शिंतोड्यांनी बिघडत नाही. पाऊस नसला तरी पहाटेचं दव असतं, आणि तुळशीला पाणी घालताना शिंतोडे उडतात. लोखंडी फाटकाला आणि खिडकीच्या गजांना माळ गुंडाळायचा मोह होईल, सगळी पेठ तेच करते. गजाच्या धारेनं वेष्टण कापलं की अख्खं फाटक जिवंत होतं. लाकडी खांबाला प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधा, खिळे ठोकून नको. दाराच्या फटीतून तार ओढू नका. शिडीवर मुलाला चढवा, ह्यांना नको. झोपताना सगळं बंद.

आता सजावट. चांदणी विकत आणायची गरज नाही. दिवाळीचा आकाशकंदील माळ्यावर ठेवला असेल, त्याच्या झिरमिळ्या काढा. बांबूच्या कामट्या जोडून पाच टोकांची चांदणी मुलाला करायला लावा, वर पांढरा पतंगी कागद. आत ३ वॅटचा एलईडी बल्ब, जुना तारेचा बल्ब नाही. तो तापतो आणि कागद करपतो. ती दाराच्या वर, आकाशकंदिलाच्याच हुकाला लावा. लोकांनी विचारलं तर सांगा, सूनबाईंची आहे.

ख्रिसमस ट्री म्हणून प्लॅस्टिकचं झाड मला स्वतःला आवडत नाही. कोल्हापुरात डिसेंबरात ऊस आहे, शेवंती आहे, झेंडू आहे. तुळशीच्या लग्नाला बांधतो तसे पाच ऊस शेंड्याशी बांधा, वाडं तशीच ठेवा, मधून सेलची माळ सोडा. शेंडा तुळईला दोरीनं बांधून घ्या, नाहीतर नात एक ऊस ओढेल आणि पाचही अंगावर येतील. उसाच्या पात्याला धार असते, तेव्हा खालची पाती सोलून टाका. सूनबाईंना खरं झाडच हवं असेल, तर रोपवाटिकेत कुंडीतलं अरोकेरिया मिळतं, ते वर्षानुवर्षं टिकतं. हार-तोरणात कण्हेर घालू नका. तिचं सगळं झाड विषारी आहे, आणि पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या तर फारच. आपण लहानपणी बिट्ट्यांनी खेळलो, म्हणून त्या निर्धोक होत नाहीत.

गव्हाणीचं मात्र जपून. कडबा, गवत, उसाचं पाचट हे सगळं काडी लागायची खोटी, भुर्रकन पेटतं. गव्हाणीत आणि तिच्या हातभर परिघात पणती नाही, मेणबत्ती नाही. उजेड सेलच्या दिव्याचा. खऱ्या मेणबत्त्या लावायच्याच असतील, तर पितळी ताटात वाळू पसरून त्यात खोचा, पडद्यापासून लांब, लेकराच्या उंचीच्या वर, आणि खोलीत माणूस असेपर्यंतच. २४ तारखेच्या रात्री सगळे मिळून उपासनेला वायल्डर मेमोरियल चर्चमध्ये जाणार असाल, तर शेवटी घराबाहेर पडणाऱ्यानं मेणबत्त्या विझल्या का हे बघायचं. तुम्हीही जा बरं का सूनबाईंबरोबर. तिला चांदणीपेक्षा त्याचं जास्त वाटेल.

फराळ तर दोन्हीकडं सारखाच, करंज्या आणि चकल्या. कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतायचं नाही. गॅस बंद, वर झाकण, आणि कढई जागची हलवायची नाही. गॅसच्या नळीवरची तारीख बघून घ्या, पाच वर्षं झाली असतील तर बदला. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर येऊन १९०६ ला कळवा.

अडीच वर्षांच्या पोरीसाठी घर तिच्या उंचीला बसून एकदा बघा. खरंच जमिनीवर बसा. लाकडी जिन्याला खाली आणि वर फळी आडवी लावा. परसात आड असेल तर त्यावर जाळी, हौदाला झाकण, आणि न्हाणीतली बादली रिकामी करून पालथी. एवढी मुलं बादलीतल्या वीतभर पाण्यातही बुडतात, आवाजसुद्धा होत नाही. अंघोळीचं पाणी काढताना आधी गार, मग गरम. पाणी तापवायचा रॉड तिच्या वावरात नको. कुठं भाजलंच तर नळाच्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. टूथपेस्ट, शाई, तूप, बर्फ काही लावू नका. मोठं भाजलं असेल तर ओल्या स्वच्छ फडक्यात झाकून सीपीआर रुग्णालयात न्या.

सेलवरच्या माळांचं मी इतकं कौतुक केलं, पण त्यांत कधी कधी बटणासारखे चपटे सेल असतात. गाणी म्हणणाऱ्या खेळण्यांत आणि रिमोटमध्येही तेच. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. स्क्रू असलेलं झाकण असेल तीच वस्तू घ्या. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, थेट दवाखाना गाठा.

आणि संक्रांतीला तिचं बोरन्हाण करणार असाल, तर त्यात थोडी काटछाट करा. बोरं, काटेरी हलवा, शेंगदाणे, उसाचे करवे हे सगळं एवढ्या लेकराच्या घशात अडकायच्या मापाचं असतं. अख्खे शेंगदाणे चार-पाच वर्षांपर्यंत देऊच नयेत. डोक्यावरून चुरमुरे आणि झेंडूच्या पाकळ्या ओता, फोटोत तेही छान दिसतं. बोरं आणि हलवा मोठ्या मुलांच्या हातात द्या, जमिनीवर सांडलेलं लगेच झाडून घ्या. तिळाचा लाडू कुस्करून, मऊ करून भरवा.

सासूबाईंसाठी एवढंच : त्यांच्या खोलीपासून न्हाणीपर्यंतच्या वाटेवर एकही तार, सतरंजी किंवा पाहुण्यांची बॅग नको, आणि तिथं पायाशी एक लहान दिवा रात्रभर. हा दिवा तेवढा बंद करू नका. धुंधुरमास १६ डिसेंबरच्या सुमारास लागतो, तो संक्रांतीपर्यंत असतो, म्हणजे नाताळ त्याच्या पोटातच येतो. एका पहाटे बाजरीची भाकरी, लोणी आणि मुगाची खिचडी सासूबाईंच्या देखरेखीखाली होऊ द्या. परसात बंबाजवळ पंगत बसली तर शेगडीची आठवणही निघायची नाही.

सूनबाईंना आज-उद्या फोन करून विचारा, गव्हाणीतली मातीची चित्रं (मूर्ती) मिरजेहून आणणार की इथंच करून घ्यायची. इथं करायची तर शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत आत्ताच सांगून ठेवावं लागेल, पुढं त्यांची संक्रांतीच्या सुगडांची गडबड सुरू होते.